दोन पुढच्या बाजू

“अगं डावरे, ही बाई पुढे कशी आली?”

वन्संनी रेकॉर्डचे एक कव्हर दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेले होते. छपाई खात्यातून कव्हराच्या बंद कडेवर बसवायचे कागदी पट्टे नुकतेच आले होते आणि वन्संनी, कोणी सांगायच्या आधीच, त्यातला एक चढवून पाहिला होता. पट्ट्यावर गाण्याचे नाव होते, त्याखाली दोन्ही गायिकांची. तो त्यांतल्या थोरलीच्या चेहऱ्याखाली यायला हवा होता. आला होता धाकटीच्या हनुवटीखाली.

“उलटा घातला असेल तुम्ही,” डावरी खळ ढवळता ढवळता म्हणाली.

“उलटा घालूनही बघितला. मग थोरली पुढे येते, पण अक्षरं डोक्यावर उभी राहतात. तूच बघ.”

डावरीने बघितले. मग थप्पीच्या मधून एक कव्हर ओढले, मग अगदी तळातले. सगळी तशीच. टेबलावरच्या बाकीच्या बायकांचे हात एकेक करून थांबले. खळीचा ब्रश भांड्याच्या काठावर टेकवून डावरी उभी राहिली.

वन्सं खरे तर एकट्या तिच्याच. नवऱ्याची थोरली बहीण. पण तिची हाक ऐकून ऐकून सगळे टेबल त्यांना वन्सं म्हणू लागले होते. छापखान्याचे साहेबसुद्धा म्हणत, आणि ते वन्संच्याच वयाचे होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वन्संनीच तिला इथे आणले होते. “हात चांगला आहे हिचा,” त्या तेव्हाच्या साहेबांना म्हणाल्या होत्या, “फक्त चुकीच्या बाजूला लावलाय.” तेव्हापासून ती डावरी. तिने कधी वाईट वाटून घेतले नाही. लहानपणी चमचा उजव्या हातात कोंबला गेला, शाळेत पेन्सिल कोंबली गेली. निदान इथे हातातून ब्रश तरी कोणी काढून घेतला नव्हता. टेबलाच्या डाव्या टोकाला बसायचे, म्हणजे कोपर कोणाच्या कोपराला लागत नाही, एवढे पथ्य पाळले की झाले.

हे हातजोडणीचे टेबल आता छापखान्यात जुन्या पाहुण्यासारखे उरले होते. यंत्र मिनिटामिनिटाला कव्हरे दुमडून बाहेर फेकत होते. यंत्राला जमत नाही असे काही आले तरच टेबलाला काम. साहेबांनी गेल्या महिन्यात, नजर दुसरीकडे ठेवून, सांगून टाकले होते की हे टेबल काढून तिथे पॅकिंगचे यंत्र बसवायचे घाटते आहे. तेवढ्यात ही ऑर्डर आली. “ही नीट गेली तर कंपनी पुढची कामं देईल,” साहेब म्हणाले होते. “मग मला वर सांगायला तोंड राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही.”

ऑर्डर एका गाण्याची होती. थोरली आणि धाकटी या काही बहिणी नव्हेत. दोघी तरुणपणी जोडीने गायला लागल्या. एकीचा आवाज उंच, एकीचा खालच्या पट्टीतला. नावे लोकांनीच पाडली. पुढे काहीतरी बिनसले आणि जोडी मोडली. आता इतक्या वर्षांनी दोघींनी एक गाणे केले होते. तेही वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापला भाग गाऊन गेल्या होत्या. फोटोसुद्धा वेगवेगळ्या दिवशी काढले. कव्हर करणाऱ्या चित्रकार मुलीने त्यातूनच वाट काढली. दोघी एका चौकटीत बसायला तयार नाहीत ना, मग एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. अक्षर एकही नाही, नुसता चेहरा, पुठ्ठ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. दोन सुटे पुठ्ठे पाठीला पाठ लावायचे, तीन कडांना कापडी पट्टी चिकटवायची, चौथी कड रेकॉर्ड घालायला उघडी. यंत्राला हे येत नव्हते.

कंपनीचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा त्याने टेबलावर सगळा पसारा मांडून दाखवला होता. साधी काळी रेकॉर्ड. मधाच्या रंगाची पारदर्शक रेकॉर्ड. चित्र छापलेली रेकॉर्ड. कॅसेट. आणि हातजोडणीची ही खास आवृत्ती.

“एकाच गाण्याला एवढे कपडे?” वन्सं म्हणाल्या होत्या. “माझ्या लग्नात मला नव्हते.”

“संग्राहक असतात, वन्सं,” तो म्हणाला. त्याच्याही तोंडी पाच मिनिटांत हे नाव बसले होते. “ते एकूण एक घेतात.”

“आणि ऐकतात कोणतं?”

“ऐकत नाहीत. जपून ठेवतात.”

“म्हणजे आमच्या आईच्या चांगल्या कपबशांसारखं. त्यातून प्यावं एवढा मोठा पाहुणा शेवटपर्यंत आलाच नाही.”

आता डावरी भिंतीपाशी गेली. तिथे खिळ्याला नमुना अडकवलेला होता. काम शिकताना सगळ्यांनी त्याच्याकडे बघत हात चालवला होता. चित्रकार मुलीने केलेले मूळ कव्हर एकच होते आणि ते मंजुरीसाठी कंपनीकडे परत गेले होते. हा नमुना डावरीने केलेला, आठवणीवरून. तिने तो थोरलीचा चेहरा समोर येईल असा धरला. उघडी कड डाव्या बाजूला होती.

एवढेच. थोरलीला वर ठेवून तिने पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि पट्टी आतून दाबून बसवायला तिचा हात जिकडून सहज आत जातो, ती बाजू उघडी ठेवली होती. पण कव्हराचे तोंड, म्हणजे ही उघडी कड, उजवीकडे आले, की समोर दिसते ती पुढची बाजू. तोंड डावीकडे गेले, की माणूस आपोआप कव्हर उलटवतो. मग समोर येते धाकटी. पट्ट्यानेही तेच केले होते. तोवर कव्हरावर एकही अक्षर नव्हते, म्हणून कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. निम्म्याहून थोडी कमी, एवढी कव्हरे जोडून झाली होती.

“पट्टी सोडवून बघू,” एकजण म्हणाली.

त्यांनी एका कव्हराची पट्टी वाफेवर धरून हलक्या हाताने ओढली. पट्टी आली, आणि तिच्याबरोबर थोरलीचा अख्खा कान आला.

वन्संनी डावरीला कोपऱ्यात, कागदाच्या रिळांआड नेले.

“हे बघ. नमुना मी केला म्हणून सांगते.”

“का?”

“का म्हणजे? पुढच्या वर्षी मी जाणारच आहे घरी. मला काय बोलतील? बोलले तर एका कानाने ऐकीन, दुसरा तसाही नीट चालत नाही. तुझी अजून बरीच वर्षं आहेत.”

“वन्सं, सगळ्या छापखान्याला दिसतंय ते डाव्या हाताचं काम आहे. तुम्ही सांगाल आणि साहेब ऐकतील?”

“साहेबांना डावं-उजवं कळत असतं तर जिन्यावरून असे उतरले असते का?”

डावरीला हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. “नको. तुम्ही खोटं बोलायला लागलात की मोठ्यानं बोलता. सगळ्यांना कळतं.”

ती जिना चढून गेली आणि साहेबांना सांगितले. साहेब ओरडले नाहीत, तेच वाईट झाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, कंपनीला फोन लावला, आणि पलीकडचे ओरडणे बराच वेळ कानापासून थोडे लांब धरून ऐकून घेतले. थोरली पुढे, ही थोरलीची अट होती. करारात होती. तिने ती सोडली तरच काही होईल. ती स्वतः येऊन बघणार आहे. तोवर काम बंद.

“आणि नाही सोडली तर?” डावरीने विचारले.

“तर ही सगळी लगद्यात जातील. हातजोडणीची आवृत्ती रद्द, साधं कव्हर यंत्रावर होईल.” साहेबांनी चष्मा परत घातला. “टेबलाचं मी वेगळं सांगायला नको.”

संध्याकाळी तिने भाजी चिरता चिरता नवऱ्याला सगळे सांगितले. तो पाण्याचे मीटर दुरुस्त करी. घरी आल्यावरही एखादे मीटर उघडून बसलेला असे.

“गेलं टेबल तर गेलं,” तो म्हणाला. “घरी बस. खूप केलंस.”

“घरी बसून काय करू? तुमच्याकडे बघत बसू?”

“मी एवढा वाईट दिसत नाही.”

“आणि बाकीच्यांनी? त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून हात चालवला. कोणी विचारलंसुद्धा नाही की हे असं का.”

त्याने मीटरचे झाकण बाजूला ठेवले. मग एक स्क्रू उजेडात धरून म्हणाला, “मीटरमध्येही असतं असं. आतली चकती उलटी बसली तरी फिरते ती नीटच. फक्त आकडे मागे जातात.”

“याचा मला काय उपयोग?”

“काही नाही. सहज आठवलं.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “ताईनं खरंच असं म्हटलं? नमुना मी केला म्हणून?”

“हो.”

“लहानपणी मी काच फोडली की तीच पुढे व्हायची,” तो म्हणाला, आणि उरलेली भाजी त्याने न सांगता चिरायला घेतली.

थोरली आली त्या दिवशी टेबलावर काहीच काम नव्हते, तरी सगळ्याजणी आपापल्या जागी बसल्या होत्या. पुढे साहेब, मागे कंपनीचा माणूस, चित्रकार मुलगी, आणि मध्ये ती. फोटोतल्यापेक्षा लहानखुरी, पायांत साधी पायताणे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने कोणाशी काही न बोलता एक कव्हर उचलले. डोळ्यांवर चष्मा चढवून आपला चेहरा पाहिला, मग उलटवून धाकटीचा. दुसरा जास्त वेळ पाहिला.

“हे कोणी केलं?”

“नमुना माझा,” डावरी म्हणाली. “या सगळ्यांनी तोच बघून केलं. चूक माझी.”

“माझ्यावर काही राग आहे?”

“नाही हो. तुमच्यातलं कोण पुढे, कोण मागे, हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मी डावरी आहे. माझा हात जिकडून आत जातो तिकडे मी तोंड ठेवलं.”

थोरलीने कंपनीच्या माणसाकडून एक रेकॉर्ड घेऊन कव्हरात सरकवली, कव्हर आपल्या चेहऱ्याकडून धरले, आणि उजव्या हाताने काढायला गेली. हात कव्हरावरून आडवा गेला, मनगट वळले आणि रेकॉर्ड निसटली. डावरीने ती खाली पडायच्या आत पकडली.

“हे फारच अवघड आहे,” थोरली म्हणाली.

“आम्हाला सगळंच असं लागतं. कात्रीपासून.”

“मग सांगायचं ना कोणाला.”

“सांगून कात्री बदलते थोडीच?” डावरी म्हणाली. “मी या टोकाला बसते. कोपर कोणाला लागत नाही. बाकी सवय होते.”

“हिला नाही झाली बरं का,” वन्सं मध्येच म्हणाल्या. “आम्हाला झाली. पहिली दोन वर्षं माझ्या बरगडीत रोज कोपर. मीच हिला त्या टोकाला बसवलं, आणि वर म्हटलं तुझ्याच सोयीसाठी.”

टेबलावर कोणीतरी हसले. थोरली मात्र हसली नाही. तिने तिथलीच एक रिकामी खुर्ची ओढली आणि बसली.

“स्टेजवर ती कायम माझ्या डावीकडे उभी असायची,” ती म्हणाली. कोणाला उद्देशून ते कळले नाही. कदाचित हातातल्या कव्हराला. “पहिल्या कार्यक्रमाला मी जाऊन उजवीकडे उभी राहिले. माईक तिकडचा बरा होता. मग ते तसंच राहिलं. पोस्टरवर तसंच, कव्हरांवर तसंच. आधी माझं नाव. तुला ही बाजू चालेल का, असं मी तिला एकदाही विचारलं नाही. तिनं भांडण काढलं तेव्हा मला वाटलं, ही पैशांवरून भांडतेय.”

कंपनीच्या माणसाने घसा खाकरला. “करारात मात्र तुमचीच अट...”

“माहीत आहे. मीच घातली.” तिने पिशवीतून फोन काढला. नंबर शोधायला तिला बराच वेळ लागला. चित्रकार मुलगी मदतीला पुढे झाली, पण तिने हातानेच नको म्हटले.

पलीकडे घंटी वाजत होती ती सगळ्यांना ऐकू येत होती. साहेबांनी उगाचच एक पुठ्ठा सरळ केला.

“मी बोलतेय,” थोरली म्हणाली. “हो, मीच. नाही, नाही, कोणी गेलं नाही... सगळे बरे आहेत. घाबरू नकोस. छापखान्यात आहे. कव्हर बघायला आलेय.” ती थांबली. “अगं, चुकून तू पुढे आलीस.”

वन्संनी आपला बरा कान तिकडे वळवला.

“चुकूनच म्हणतेय ना! मी कशाला मुद्दाम करीन? एवढी चांगली कधी होते मी?”

आणि मग फोनमधून हसणे आले. खालच्या पट्टीतले, जाडसर, मध्येच तुटणारे. रेडिओवर ऐकून माहीत असलेला तो आवाज सगळ्या टेबलाने ओळखला.

“निम्मी तशीच जाऊ देत,” थोरली म्हणत होती. “तू पुढे. उरलेल्यात मी. नाही, नंतर बोलणार नाही काही, लिहून देते हवं तर... माझा गळा? गळा बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?”

गुडघ्याबद्दल सांगण्यासारखे बरेच असावे. थोरली फोन कानाला लावून खिडकीकडे चालत गेली आणि तिथे पाठमोरी उभी राहून ऐकत राहिली.

इकडे कंपनीच्या माणसाचा चेहरा हळूहळू उजळत होता. त्याने एक चुकलेले कव्हर उचलले, कंपनीकडून सोबत आणलेले मूळ कव्हर त्याच्या शेजारी ठेवले. एकाचे तोंड डावीकडे, एकाचे उजवीकडे. “दोन आवृत्त्या,” तो म्हणाला. “एक ती पुढे, एक ही पुढे. संग्राहकांना दोन्ही घ्यावीच लागतील!”

“परवा ओरडत होतात ते तुम्हीच ना?” साहेबांनी विचारले.

“परवा मला हे सुचलं नव्हतं.”

“आज तरी कुठे तुम्हाला सुचलंय?” वन्सं म्हणाल्या.

चित्रकार मुलगी नमुना खिळ्यावरून काढून आणून त्याच्या आतल्या कडांवरून बोट फिरवत होती. “पट्टी आतून किती सपाट बसलीये,” ती शेवटी डावरीला म्हणाली. “माझ्या कव्हरात सुरकुती आहे. पुढचं गाणं आलं तर मी आधी इथे येईन. मग कव्हर ठरवीन.”

“गाणं येईल तेव्हा,” साहेब घाईने म्हणाले, पण ते त्यांनी आपल्या वहीत टिपून घेतले. डावरीकडे वळून ते हळूच म्हणाले, “पॅकिंगचं यंत्र मागच्या गोदामात बसतं का, ते बघतो मी. वचन देत नाही. बघतो.”

थोरली निघाली तेव्हाही फोन तिच्या कानालाच होता. दारातून वळून तिने हात वर केला. तो डावा होता, कारण उजव्यात फोन होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाले. बाकीच्या सगळ्याजणी आता थोरलीची कव्हरे करणार होत्या, तोंड उजवीकडे. पण धाकटीची निम्मी पुरी व्हायला थोडी अजून हवी होती. तेवढी डावरीने एकटीने करावीत, असे ठरले. नवा नमुना वन्संनी केला. चित्रकार मुलीचे मूळ कव्हर समोर ठेवून, जिभेचे टोक दातांत धरून केला, आणि खिळ्याला अडकवायच्या आधी सगळ्यांना फिरवून दाखवला.

“नीट बघून घ्या. नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही.”

“दोन्ही नमुने ठेवू या,” डावरी म्हणाली, आणि भिंतीत दुसरा खिळा ठोकला गेला.

मग टेबल लयीला लागले. पुठ्ठ्याला पुठ्ठा, खळीचा एक फटकारा, पट्टी, दाब. कागदांची सळसळ, मध्येच कोणाचा तरी खोकला. काही वेळाने वन्सं उठल्या, आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून आल्या आणि डावरीच्या उजव्या बाजूला कायम मोकळ्या सोडलेल्या जागेत, अगदी खेटून बसल्या.

“इथे कशाला? कोपर लागेल,” डावरी म्हणाली.

“तुझा हात तिकडे चालतो, माझा इकडे. मध्ये कोपरं येतात कुठे? तेव्हा मी चुकीच्या बाजूला बसत होते, म्हणून लागत होती.”

डावरीने हिशेब करून पाहिला. खरेच होते. तिचे कोपर डावीकडे, खिडकीच्या बाजूला मोकळे हलत होते, वन्संचे उजवीकडे. दोघींच्या मध्ये दोन स्वस्थ हात नुसते पुठ्ठे धरून होते.

“एवढं साधं आधी कसं सुचलं नाही?” ती म्हणाली.

“सुचायला कोणी बघितलं होतं का?” वन्सं म्हणाल्या. “आण ती पट्टी इकडे. वर्षभर आहे मी अजून.”

डावरीने पट्टी सरकवली. मग पुढचे कव्हर घेतले, पहिल्यासारखाच थोरलीचा चेहरा वर ठेवला, तोंड आपल्या हाताकडे, डावीकडे ठेवले, आणि डावा हात आत घालून कड दाबत नेली, अगदी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे कोणी कधी बघणार नव्हते.